तांब्याच्या पोटापाशी

हेमलता मिठारींच्या हाताबद्दल कोल्हापूरच्या चित्रकला शिक्षकांत एक किस्सा सांगितला जाई. बाई फळ्यावर नुसत्या हातानं वर्तुळ काढायच्या आणि वर्गातली वांड पोरं मधल्या सुट्टीत त्यावर मोठा लाकडी कंपास लावून बघायची. चूक म्हणे कंपासाचीच निघायची. किश्श्याला तिखटमीठ लागलेलं होतंच, पण बाईंनी तो कधी खोडून काढला नव्हता. उलट कुणी सांगू लागलं की त्या मान खाली घालून, पण कान देऊन ऐकायच्या. प्रत्येकाला कशाचा तरी गर्व असतो. बाईंचा मनगटापासून पुढं होता.

त्यामुळे दूरशिक्षण शाळेच्या परीक्षा विभागानं त्यांना पुण्याला बोलावलं आणि मुख्य परीक्षक नाडकर्णी सरांनी लांबलचक टेबलावर दहावीच्या स्थिरचित्राचे कागद मांडून दाखवले, तेव्हा आपण नेमकं काय बघायचं आहे हे बाईंना आधी समजेचना. प्रत्येक कागदावर एक तांब्या, दोन लिंबं आणि चुरगळून टाकलेला पंचा. तांब्या बरा होता. काही कागदांवर तर घरी बसून शिकणाऱ्याला शोभणार नाही इतका बरा होता.

"पोटापाशी बघा," नाडकर्णी म्हणाले. "डावीकडं, खाली."

तांब्याच्या पोटाची रेघ डाव्या बाजूनं उतरत येते आणि बुडाकडं वळते, त्या वळणावर ती शहारली होती. चार-पाच बारीक लाटा, आणि पुढं पुन्हा सरळ. शेजारच्या कागदावर तेच. त्याच्या शेजारीही तेच. गडचिरोलीचा कागद, माणगावचा, तुरुंगातून परीक्षा देणाऱ्या एकाचा, बाळंतपणात शाळा सुटलेल्या एकीचा. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या दोनशेवर माणसांचे तांबे एकाच जागी कापत होते.

"आणि याला आपण स्थिरचित्र म्हणतो," नाडकर्णी म्हणाले. ते हसले नाहीत.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. कुणीतरी तयार चित्र आधीच वाटलं होतं आणि सगळ्यांनी त्याची नक्कल केली होती. निकाल राखून ठेवला होता. पुढच्या पंधरवड्यात मंडळाची बैठक, आणि तिथं दुसरं काही निघालं नाही तर सहा महिन्यांनी फेरपरीक्षा. यांतल्या बहुतेकांचा दहावीचा हाच शेवटचा विषय उरला होता. कुणाचा नर्सिंगचा प्रवेश अडला होता, कुणाची बढती. बाईंनी विचारलं, नक्कल करायची तर चांगलं तेवढं उचलतील, चूक कशाला उचलतील? नाडकर्णी म्हणाले की नक्कल नेहमी चुकीवरूनच सापडते.

पण बाईंचं कुतूहल जागं झालं होतं. त्या टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, आणि अगदी कडेला त्यांना एक तांब्या सापडला जो कापत नव्हता. त्याचं तोंड मात्र तिरकं होतं, आणि नाडकर्णींनी त्याला जेमतेम मार्क दिले होते. खाली नाव होतं: प्रणाली तायडे, केंद्र कारंजा, जिल्हा वाशिम. एक तर ही एकटीच प्रामाणिक, नाही तर मूळ चित्र हिनंच वाटलेलं, असं नाडकर्णी म्हणाले.

आता कित्ता म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

बोटं हलवायची झाली की मेंदू कोपराखालच्या स्नायूंना हुकूम धाडतो. प्रत्येक हुकुमाबरोबर स्नायूत अगदी क्षीण वीज उमटते, आणि ती कातडीवरूनही टिपता येते. कृत्रिम हात बसवणारे डॉक्टर ती फार वर्षांपासून टिपत होते. पुढं कुणाच्या तरी डोक्यात आलं की जी वीज टिपता येते ती परतही देता येईल. शिक्षकानं कोपराखाली पट्टा बांधून रेघ काढायची, पट्ट्यानं त्याच्या स्नायूंचे हुकूम साठवायचे, आणि शेकडो मैलांवरच्या विद्यार्थ्याच्या पट्ट्यानं त्याच स्नायूंना तेच हुकूम हळूच द्यायचे. जबरदस्ती नाही, नुसती सूचना. पाटीवर 'ग' काढताना आई मुलाच्या हातावर हात ठेवून गिरवून घेते, तेवढीच. म्हणून त्या पट्ट्याला नाव पडलं कित्ता.

ज्या गावात चित्रकलेचा शिक्षक कधी फिरकला नव्हता तिथं कित्त्यानं खरोखर चमत्कार केला. व्हिडिओत रेघ कुठून कुठं गेली ते दिसतं. पेन्सिल कुठं दाबायची, कुठं सैल सोडायची, श्वास कुठं धरायचा ते दिसत नाही. कित्ता ते हातालाच सांगायचा. पाच-पंचवीस वेळा गिरवलं की हात बसायचा, मग पट्टा नसला तरी चालायचं. परीक्षेत पट्ट्याला बंदी होती आणि त्याची गरजही नव्हती. चित्रकलेचे सगळे धडे बाईंच्या हातानं भरलेले होते. तोच हात, ज्याच्यापुढं कंपास हरायचा.

कोल्हापूरला परतल्यावर बाईंनी कित्ता बनवणाऱ्या कंपनीतल्या तन्वीर मुल्लाला फोन लावला. तन्वीर गोड बोलणारा होता. त्यानं दोन दिवस तपासलं आणि कळवलं, "दोष प्रणालीत नाही, मॅडम. कित्ता स्वतःच्या पदरचं काही घालत नाही. त्याला जे दिलं, तेच तो देतो."

या वाक्याचा दुसरा अर्थ बाईंना ऐकू आला नाही, किंवा त्यांनी तो ऐकला नाही. त्यांना पहिलंच वाक्य गमतीचं वाटलं. दोष प्रणालीत नाही, हे तर खरंच होतं. प्रणालीचा तांब्या कापत नव्हता. तो का कापत नाही ते कळलं की बाकीचे का कापतात तेही कळेल, असा हिशेब करून त्यांनी कारंज्याला जायचं ठरवलं.

"एवढ्या उन्हाचं?" त्यांचे यजमान विलासराव म्हणाले, आणि निघताना त्यांनी चहा दिला तो नेहमीसारखा अर्धाच कप. हल्ली यांना काटकसर सुचली आहे, असं बाईंच्या मनात आलं.

तायड्यांचं घर शेवयांचं होतं. पुढच्या खोलीत शेवयांचं मशीन, अंगणात बाजांवर आणि दोऱ्यांवर वाळत घातलेल्या शेवया. बाईंना अंग चोरून आत जावं लागलं. प्रणाली एकोणीस वर्षांची होती. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा नववीतून शाळा सुटली, आता आईबरोबर शेवया करून दुपारी ती दहावीचा अभ्यास करायची. साक्षात मॅडम दारात म्हटल्यावर ती इतकी गांगरली की पाण्याचा पेला देऊन रिकामं ताट हातात धरून तशीच उभी राहिली. आई मंदाबाई मात्र खंबीर होत्या. निकालाचं विचारायला आल्या असतील तर पोरीनं नक्कल केली नाही, हे त्यांनी बाई बसायच्या आत सांगून टाकलं.

बाईंनी मंदाबाईंना निर्धास्त केलं आणि प्रणालीला तांब्या काढून दाखवायला सांगितलं. तिनं कित्ता आणला, कपाळाला लावला, उजव्या हाताला बांधला, आणि पेन्सिल डाव्या हातात धरली.

बाई बघतच राहिल्या. "अगं, पट्टा एका हाताला आणि पेन्सिल दुसऱ्या?"

"मीच सांगतलं तिले," मंदाबाई म्हणाल्या. "पोरगी डावरी हाय. पण प्रसाद आपण उजव्या हातानं घेतो नं, मॅडम? मंग तुमची विद्या डाव्या हातानं कशी घ्यायची? बरं दिसते काय ते?"

"आन् उजव्या हातानं मले काढताच येत नाही," प्रणाली म्हणाली. "म्हणून उजव्या हातानं शिकते आन् डाव्यानं काढते."

पट्टा चित्र काढायच्या हाताला बांधावा, असं माहितीपुस्तकात ठळक छापलेलं होतं. मायलेकींनी ते वाचलंही होतं. ते उजव्या लोकांसाठी असेल, असं ठरवून त्या मोकळ्या झाल्या होत्या. बाईंना हसू आवरेना. तन्वीरच्या कंपनीनं लाख चुकांचा विचार केला असेल, ही त्यांच्या स्वप्नातही आली नसेल.

मग प्रणालीनं धडा सुरू केला आणि बाईंचं हसू ओसरलं.

तिचा उजवा हात मांडीवर होता. हातात नसलेली पेन्सिल धरल्यासारखी बोटं मिटली, करंगळी जराशी उचलली गेली, मनगट आत वळलं. बाईंना आधी नुसतं ओळखीचं वाटलं, आणि मग कळलं की हा आपला हात आहे. आयुष्यभर वापरलेला हात त्या पहिल्यांदाच समोरून बघत होत्या. किती ऐटीत चालतो हा, असं त्यांना वाटलं, थोडं बरंही वाटलं. शेजारी डावा हात कागदावर आपल्या चालीनं चालला होता. उजव्याकडं कान दिल्यासारखा, पण स्वतःच्या डोळ्यांनी. त्यानं काढलेलं तांब्याचं तोंड तिरकं आलं होतं.

दोन्ही हात पोटापाशी पोचले. उजवा थांबला. अंगठा तर्जनीवर घासू लागला, एखादी बारीक गोळी वळावी तसा, आणि सगळा पंजा कापला. डावाही थांबला, पण तो कापला नाही. क्षणभरानं दोघं पुढं निघाले.

"इथं काय होतं गं?" बाईंनी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवून.

"इथं आलं की तुमचा हात विचार करते, मॅडम," प्रणाली म्हणाली. आता तिची भीड चेपली होती. "बाकी ठिकाणी कसा सरसर जाते. इथं मात्र थांबते, जरासा थरथरते, मंग जाते. मले लय आवडते ते. म्हणून मीबी थांबते आन् एकडाव तांब्याकडं नीट पाहून घेते."

तीस वर्षं बाई तांब्याच्या पोटापाशी थांबत आल्या होत्या, श्वास धरत आल्या होत्या, ही गोष्ट खरी होती. हो, मी तिथं विचार करते, असं म्हणून टाकायचा त्यांना मोह झाला. त्यांचा उजवा हात मांडीवरच्या पर्सखाली होता. त्यांनी पर्स हळूच बाजूला केली. अंगठा तर्जनीवर घासत होता. कधीपासून ते देवाला ठाऊक. कारंज्याच्या त्या उकाड्यात बाईंना थंडी वाजली. त्या घाबरल्या होत्या.

घरी आल्यावर त्यांनी विलासरावांना एवढंच विचारलं, की मला चहा अर्धा का देता?

विलासराव गॅसची शेगडी पुसू लागले. "भरून दिला की सांडतीस," ते पुसता पुसता म्हणाले. "वरीस झालं. पण तुझ्या हाताबद्दल तुला सांगायला जीभ रेटली नाही गं माझी."

बाईंना संताप आला. वर्षभर नवऱ्यानं आपल्याला सांभाळून घेतलं आणि आपल्याला ते कळलं नाही, याचा संताप. त्या तणतणत आतल्या खोलीत गेल्या आणि तिथं रडल्या. दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं. सुरुवात आहे, म्हणाले, औषधानं पुष्कळ वर्षं निभेल, पण मागं जाणार नाही. हात चालता असला की हा कंप लपतो आणि एका जागी धरून ठेवला की वर येतो, हेही त्यांनी सांगितलं. धडे भरले तेव्हा तो डोळ्यांना दिसण्याइतका नव्हताच. पण कित्त्याला डोळे नसतात, त्याला वीज कळते. त्यानं तो टिपला, आणि पोरांनी पुन्हापुन्हा गिरवून त्याची चांगली ठळक पायवाट केली. बाईंना स्वतःचा आजार कळण्याआधी तो दोनशे हातांना पाठ झाला होता.

तन्वीरचा फोन त्या संध्याकाळी आपण होऊनच आला. त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं, फक्त बोलता आलं नव्हतं. त्यानं उपायही शोधला होता. कंपनीत त्याला इस्त्री म्हणत. धडा इस्त्रीतून काढला की कंप सपाट होतो, रेघ पूर्वीसारखी. पुढच्या वर्षीच्या मुलांना काही जाणवणार नाही, कुणाला काही कळवायचीही गरज नाही.

"आणि या वर्षीचे?" बाईंनी विचारलं.

ते फेरपरीक्षा देतील, तो म्हणाला. मूळ धडा मंडळासमोर ठेवला तर ते सुटतील, हे खरं. पण मग तो हात कुणाचा हेही समोर येईल, आणि धड्यांसाठी निरोगी हात हवा असं करारातच आहे. निर्णय मॅडमचा.

बाईंनी दोन दिवस निर्णय घेतला नाही. त्या काही साध्वी नव्हत्या. सहा महिने म्हणजे काय मोठंसं, असं त्यांनी मनाला बजावून पाहिलं. कोल्हापुरातले लोक तो किस्सा आता कसा सांगतील, हे त्यांच्या कानात आधीच वाजू लागलं होतं. पण मध्येच प्रणाली आठवे, तुमचा हात विचार करते म्हणणारी. तिनं त्या कंपाला केवढा मान दिला होता. त्याला इस्त्री फिरवून सपाट करायचं बाईंच्या जिवावर आलं.

बैठकीला त्या तन्वीरकडून मूळ धडा घेऊन गेल्या. पडद्यावर हिरव्या लाटा उमटल्या. मंडळींनी माना डोलावल्या, पण कुणाची खात्री पटली नाही. नाडकर्णी म्हणाले, लाटा सगळ्या सारख्याच दिसतात, यंत्रावर काय विश्वास ठेवायचा. मग बाईंनी कागद मागितला. समोर पाण्याचा जग होता, तो बाजूला सारून त्यांनी तांब्या मनातूनच काढायला घेतला. तोंड, गळा, खांदा. रेघ अजून देखणी येत होती. पोटापाशी त्या थांबल्या, कायम थांबायच्या तशाच, आणि या वेळी त्यांनी हात लपवला नाही. खोलीतल्या सगळ्यांना पेन्सिलीची टकटक ऐकू आली. कागदावर चार-पाच लाटा उमटल्या. शेजारी पडलेल्या दोनशे कागदांवर होत्या तशाच.

"यांनी नक्कल केलेली नाही, सर," बाई म्हणाल्या. "शिकवलं तेच शिकलेत."

नाडकर्णींनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, त्यांना गलबलून आलं होतं. तरीही परीक्षकाला पडायचा तो प्रश्न त्यांना पडलाच. त्यांनी विचारलं, की मग या कागदांवर या मुलांचं स्वतःचं असं काय आहे? मार्क द्यायचे ते यांना, की तुम्हाला?

बाईंनी कडेचा प्रणालीचा कागद उचलला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "हिच्या तांब्याचं तोंड तिरकं आहे, कारण ते हिनं काढलंय."

निकाल लागला. आठवड्याभरात बाईंचे धडे कित्त्यातून काढून टाकले गेले. अभ्यासक्रमाच्या सल्लागार म्हणून त्यांना ठेवलं, आणि त्या खुर्चीवरून त्यांनी एकच बदल हट्टानं करून घेतला. कित्ता यापुढं चित्र न काढणाऱ्या हाताला बांधायचा. तन्वीर कळवळला, अशानं शिकायला दुप्पट वेळ लागेल म्हणाला. बाई म्हणाल्या, लागू दे.

दोन-तीन वर्षांनी बाईंचा उजवा हात चित्राच्या कामाचा राहिला नाही. तो दिवसभर मांडीवर आपल्याच तंद्रीत असे, आणि बाईंनी पेन्सिली ओळखीच्या मुलांना वाटून टाकल्या होत्या. अशात एका सकाळी नागपूरहून पार्सल आलं. प्रणाली तिथं चित्रकला महाविद्यालयात होती. पार्सलमध्ये एक कित्ता होता, तिच्या हातानं भरलेला, आणि सोबत फोनवर तिचा आवाज. "मॅडम, हा डाव्या हाताले बांधा आन् पेन्सिलबी डाव्यातच धरा. तुमचा नियम मोडला मी. पण त्यावर एक उपाय केला हाय. काय केला ते सांगत नाही."

बाईंचा हात पट्ट्यापाशी जरा अडखळला. विद्या, आणि डाव्या हातानं? त्यांनी तो कापऱ्या उजव्या हातात घेतला, कपाळाला लावला, आणि मग विलासरावांकडून डाव्या हाताला बांधून घेतला. जन्मभर त्या हातानं नुसता कागद दाबून धरायचं काम केलं होतं. समोर देवघरातला तांब्या आणून ठेवला.

रेघ निघाली. तोंड तिरकं आलं, ते प्रणालीचं होतं, बाईंनी लगेच ओळखलं. मग गळा, खांदा, आणि पोटाचा उतार. तिथं, त्या वळणावर, पट्टा गप्प झाला. बॅटरी गेली असं समजून बाईंनी तो झटकला. दिवा तर लागलेला होता. मग त्यांच्या ध्यानात आलं. पोरीनं इथून पुढं काही भरलंच नव्हतं. ही जागा तिनं मॅडमना विचार करायला मोकळी सोडली होती.

बाईंनी मान वर करून तांब्याकडं बघितलं. पितळेवर खिडकी उमटली होती, आणि खिडकीत त्या स्वतः. कितीतरी वर्षांत त्यांनी तांब्या असा बघितलाच नव्हता, त्यांच्या हाताला तो पाठ होता ना. मग त्यांनी एकटीनं पेन्सिल पुढं नेली. रेघ जाडीभरडी आली, बालवाडीतल्या पोराची असावी तशी, आणि बुडापाशी तर चक्क भरकटली. बाईंना हसू फुटलं. त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की विलासराव स्वयंपाकघरातून काय झालं म्हणून बघायला आले.

ते चहा घेऊनच आले होते. बाईंनी अर्ध्या कपाकडं बघितलं आणि तो भरून आणायला सांगितला. विलासराव तो भरून घेऊन आले. बाईंनी तो डाव्या हातानं उचलला.